डावऱ्या हाताची गाठ

१

पार्सल परत आलं ते गुरुवारी, एकोणतीस ऑगस्टला. सोबत प्रकाशकाचं पत्र होतं.

'सप्रेम नमस्कार. आपण स्पर्धेसाठी पाठवलेल्या पार्सलात एकशे ऐंशी कोरे कागद निघाले. ही थट्टा असेल तर आम्हांस वेळ नाही. चूक झाली असेल तर मूळ हस्तलिखित शनिवार, दि. ३१ ऑगस्ट १९७४ रोजी दुपारी एकच्या आत गिरगावच्या कचेरीत आणून द्यावे. त्यानंतर विचार होणार नाही.'

भाईंदरच्या सार्वजनिक वाचनालयात ज्युलिएटने ते पत्र मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीला तिचा आवाज चिरकला. टेबलापलीकडे ग्रंथपाल विमलाबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. खिडकीशी उभे असलेले सावे मास्तर म्हणाले, "कोरे? असं कसं होईल? त्या शनिवारी मी स्वतः गाठ मारली!"

ज्युलिएट बावीस वर्षांची. उत्तनच्या कोळीवाड्यातली, भाईंदरच्या प्राथमिक शाळेत शिकवणारी. दोन वर्षं खपून तिने एक कादंबरी लिहिली होती. नाव 'एकोणपन्नास मीटर'. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी विज्ञानकादंबरी हवी, पहिली येईल ती छापू, असं प्रकाशकाने जाहीर केलं होतं. तिच्या कादंबरीत स्टेला नावाच्या मुलीला बिघडलेल्या रेडिओवर, एकोणपन्नास मीटरच्या पट्ट्यात, एका मुलाचा आवाज येतो. तो पंचवीस वर्षांपूर्वी होडीसकट काळाच्या एका घडीत अडकलेला आहे. जगाच्या लेखी तो बुडाला. दोघं प्रेमात पडतात. त्याला परत किनाऱ्याला आणायचा एकच उपाय असतो, रेडिओ कायमचा बंद करणं. पण मग तो स्टेलाला कधी भेटलेलाच नसेल.

"कच्चा खर्डा असेल ना?" सावे मास्तरांनी विचारलं.

"जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर लिहिला होता. पक्की प्रत झाल्यावर आईने चुलीत घातला." ज्युलिएट खुर्चीवर बसली. "आता दोन दिवसांत दोनशे तीस पानं कुठून आणू?"

तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावरून एक आवाज आला.

"सुतळी कापलीय की सोडलीय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. महिपत तोंडवळकर वर्तमानपत्राची घडी करत होते. रेल्वेच्या टपालगाडीत तीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेला माणूस. मूळ मालवणकडचा. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रोज वाचनालय उघडताना पहिले येत, बंद होताना शेवटचे जात. विमलाबाई म्हणत, "आलात?" ते म्हणत, "आलो." त्या म्हणत, "पेपर आलाय." पुष्कळदा दिवसभरात त्यांचं माणसांशी एवढंच बोलणं होई.

ज्युलिएटने पार्सल पुढे केलं. प्रकाशकाच्या माणसाने सुतळी कात्रीने एका कडेला कापली होती. गाठ शाबूत होती. महिपतरावांनी ती बोटावर घेतली, उजेडात धरली आणि सावे मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, ही गाठ तुम्ही मारलेली नाही."

२

सावे मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि वाचनालयाचे चिटणीसही होते. त्यांनी गाठ पाहिली आणि हसले. "नाहीच. मी साध्या दोन गाठी मारतो. आमची मंडळी म्हणते, तुमची गाठ शिंकलं तरी सुटते."

"म्हणजे त्या शनिवारनंतर कुणीतरी पार्सल सोडलं आणि परत बांधलं," महिपतराव म्हणाले. त्यांनी पाकिटाचा कोपरा ज्युलिएटला दाखवला. तिथे पेन्सिलीने बारीक आकडे होते. "पोस्टातल्या माणसाने वजन लिहून ठेवलंय. नऊशे वीस ग्रॅम. तुझे फुलस्केप दोनशे तीस. ते अकराशेच्या खाली येणार नाहीत. एकशे ऐंशी कोऱ्या कागदांचं मात्र बरोबर एवढंच भरेल. पोस्टाने काही केलेलं नाही, प्रकाशकाने तर नाहीच. तू खिडकीत कोरे कागदच दिलेस."

"मी?"

"हातात घेतलंस तेव्हा हलकं नाही वाटलं?"

ज्युलिएट हळूच म्हणाली, "वाटलं. पण मला वाटलं, आनंदाने तसं वाटतंय."

शनिवारी सतरा तारखेला दुपारी याच टेबलावर सगळ्यांसमक्ष पार्सल बांधलं होतं. पोस्ट तोवर बंद झालेलं. म्हणून ते वाचनालयाच्या कपाटात ठेवलं. सोमवारी सकाळी विमलाबाईंनी कपाट उघडून ते ज्युलिएटच्या हातात दिलं आणि तिने ते रजिस्टर केलं.

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन," विमलाबाई म्हणाल्या. "एक माझ्याकडे. एक चिटणीसांकडे."

सावे मास्तर लाल झाले. "माझ्याकडे आहे. आणि तुम्हाला आज ना उद्या कळेलच, म्हणून सांगून टाकतो. त्याच स्पर्धेला मीही कादंबरी पाठवलीय. मंगळावरच्या वसाहतीची. पण ज्युलिएटचं रेडिओचं शास्त्र मीच तपासून दिलंय. तिचं वाचलं तेव्हाच कळलं, माझी कादंबरी पडणार. माझ्या मंगळावर एकही माणूस रडत नाही हो!"

सहाच्या सुमाराला बाहेर मोटरसायकल थांबली. आल्बर्ट आत आला. ज्युलिएटचा ठरलेला नवरा. वसईच्या वाडीवाल्यांचा मुलगा, काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. जानेवारीत बहारीनला नोकरीवर जायचा होता. सोमवारी ज्युलिएट फॉर्म आणायला पोस्टात गेली तेव्हा दहा मिनिटं पार्सल त्याच्या मांडीवर होतं.

महिपतरावांनी त्याला सरळ विचारलं. तोही सरळच बोलला.

"मला ती कादंबरी नकोच होती, अंकल. झूठ कशाला बोलू? दोन वर्षं मी फिरायला चल म्हणतोय आणि ही म्हणतेय, थांब, तो आज बोलणार आहे. कोण? तर रेडिओतला मेलेला पोरगा! मी जिवंत आहे हाच माझा गुन्हा झालाय." त्याने हात पसरले. नखांत काळं ऑइल होतं. "पण चोरी? मी पकडलं असतं तर पहिल्या पानावर माझ्या बोटांचे ठसे निघाले असते."

"ही गाठ येते तुला मारायला?"

आल्बर्टने सुतळी फिरवून पाहिली. "मला बुटाची नाडी नीट येत नाही. पण ही गाठ मी बघितलीय." त्याने सुतळी टेबलावर ठेवली. "ज्युलिएटच्या घरी. जाळ्यात असते ही."

सगळ्यांच्या नजरा ज्युलिएटकडे वळल्या. ती उभी राहिली. "आणि मला येते ही गाठ. आठ वर्षांची होते तेव्हापासून येते. मग? मी माझंच पुस्तक चोरलं?"



३

शुक्रवारी सकाळच्या एसटीने महिपतराव उत्तनला उतरले. ज्युलिएट शाळेला दांडी मारून थांब्यावर उभी होती. चालताना तिने विचारलं, "तुम्हाला माझाच संशय येतोय ना?"

"लिहिणारी माणसं ऐन वेळी घाबरतात. तू घाबरली असशील तर सांग. मी कुणाला बोलणार नाही."

"मी घाबरलेय ते लग्न होऊन बहारीनला गेल्यावर कुणी मला लिहायला सांगणार नाही म्हणून. माझ्याकडे हे एकच वर्ष होतं."

महिपतरावांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

घराच्या ओट्यावर तिची आई कार्मिन जाळं दुरुस्त करत बसली होती. नारळी पुनवेनंतर होड्या बाहेर पडायला लागल्या होत्या. दर्यावर ढग होते, वाळूत कुत्री झोपली होती. महिपतरावांनी सुतळीचा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

"ही गाठ कुणाची ते सांगाल?"

कार्मिनने हातातली लाकडी सुई खाली ठेवली. तुकडा उचलला. आधी सहज पाहिला. मग डोळ्यांजवळ नेला. तिचा चेहरा बदलला.

"ही तुमाला खय मिळाली?"

"पार्सलावर होती."

"ही आमचीच गाठ हाय. पन उलटी हाय. बगा." तिने जाळ्यातली गाठ शेजारी धरली. एक उजवीकडे वळत होती, दुसरी डावीकडे, आरशात दिसावी तशी. "ही डावऱ्या मानसाची गाठ. आख्ख्या वाड्यात असा एकच डावरा व्हता. माजा दीर. रॉबर्ट."

"कुठे असतात ते?"

कार्मिनने छातीवर क्रूस काढला.

"तो न्हाय. पंचवीस वर्सं झाली, दर्यात गेला. अंग पन मिळालं न्हाय."

महिपतरावांच्या शेजारी ज्युलिएटने हात तोंडावर नेला होता. "सर," ती पुटपुटली, "माझ्या कादंबरीतला मुलगा म्हणजे तोच आहे."

४

रॉबर्ट बुडाला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. कार्मिन नवी नवरी होती. त्या सोमवारी होडी घेऊन तिच्या नवऱ्याने, म्हणजे थोरल्या भावाने जायचं होतं. त्याला ताप भरला. रॉबर्ट म्हणाला, मी जातो. संध्याकाळी वारं फिरलं.

"माज्या नवऱ्याच्या जागी गेला तो," कार्मिन म्हणाली. "नवरा मरेपर्यंत त्याचं नाव काडीत नव्हता. मी पन न्हाय. पोरीला काय सांगनार?"

"मला त्याची वही सापडली," ज्युलिएट म्हणाली. "पेटीत, कपड्यांखाली."

तिने वही आणून दिली. भरती-ओहोटीच्या वेळा, रेडिओच्या जोडण्यांची चित्रं, वाचलेल्या पुस्तकांची नावं. डावीकडे झुकलेलं अक्षर. महिपतरावांनी अशी हजारो अक्षरं पाहिली होती. शेवटच्या पानावर मात्र एक पत्र होतं. पान फाडायचं म्हणून कडेला दुमडलं होतं, पण फाडायचं राहून गेलं होतं.

'मंगळवारी नको. दादाला ताप आहे, त्याची फेरी मला मारावी लागेल. बुधवारी परततो. गुरुवारी दुपारी घोडबंदरच्या होडीच्या तरीवर थांब, तिथून पलीकडे जाऊ. मी टाळतोय असं मनात आणू नकोस. तुझा राग मला माहीत आहे. बापाशी बोललो, तो ओरडला, मीही ओरडलो. आता लपवायचं काही राहिलं नाही.'

वर नाव नव्हतं, खाली सही नव्हती.

"हे पत्र तू कादंबरीत घातलंस?"

"शब्दन् शब्द. तो रेडिओवरून स्टेलाला हे वाचून दाखवतो. म्हणतो, हे एका मुलीला द्यायचं राहिलं. एकोणिसाव्या प्रकरणात."

"ते कुठल्या पानाला येतं?"

"एकशे एकाहत्तर. का?"

महिपतरावांनी विचारलं, "कादंबरी आणखी कुणी वाचली होती?"

"सावे सरांनी रेडिओचा भाग तेवढा. पूर्ण फक्त विमलाबाईंनी. शुद्धलेखनासाठी दिली होती. त्यांनी चुकांची यादी करून दिली, ती पाहून मी पानं दुरुस्त केली." तिने पर्समधून चार कागद काढले.

यादी नीटस होती. पान क्रमांक, ओळ, चूक, दुरुस्ती. पहिल्या पानापासून प्रत्येक पानावर दोन-तीन तरी चुका. पान १६८, १६९, १७०. आणि मग काही नाही. राहिलेल्या साठ पानांत एकही चूक नाही.

"शेवटी शेवटी मी चांगलं लिहिलंय, असं वाटलं मला," ज्युलिएट म्हणाली.

महिपतराव कागदाकडे पाहत राहिले. वाचनालयाच्या सूचनाफलकावर कुणी 'आणि'तला 'णि' दीर्घ लिहिला तर विमलाबाई खडू घेऊन उठत. सहा वर्षं ते पाहत होते. साठ पानांत त्यांना एकही चूक दिसली नाही, याचा अर्थ एकच होता. एकशे एकाहत्तराव्या पानापासून पुढे त्या चुका शोधत नव्हत्या.

जाताना कार्मिनने थांबवलं. "तात्या, मेलेल्या मानसाने गाठ मारली काय वो?"

"नाही," ते म्हणाले. "पण मारणाऱ्याला शिकवली त्याने."

५

दुपारच्या सुट्टीनंतर वाचनालय चारला उघडायचं. महिपतराव पावणेचारला आले. विमलाबाईंनी दार नुकतं लोटलं होतं.

"आलात?"

"आलो."

"पेपर आलाय."

आज ते बाकाकडे गेले नाहीत. कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले होते, महिन्याला एक. त्यांच्यावर बसून त्यांनी कितीदा तरी बूट घातले होते. आता ते वाकले आणि एकेक गाठ पाहू लागले. जुलै. जून. मे. प्रत्येक गाठ डावीकडे वळलेली.

सरळ झाले तेव्हा विमलाबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. उजव्या हातातला शिक्का तसाच हवेत होता.

"तुम्ही उजव्या हाताने शिक्का मारता, उजव्या हाताने लिहिता," महिपतराव म्हणाले. "गाठ मात्र डावरी. शिकवणारा डावरा असला आणि आपण शेजारी बसून त्याच्या हातांची नक्कल केली, तर अशीच येते."

 विमलाबाईंनी शिक्का खाली ठेवला आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"माझे वडील मिठागराच्या कचेरीत होते. तो पुस्तकं मागायला यायचा. मिठागराच्या बांधावर बसायचो आम्ही. मला म्हणायचा, गाठ शिक, कोळ्याच्या घरी यायचंय तुला." त्यांचा आवाज सपाट होता, नेहमी नियम सांगताना असायचा तसा. "मंगळवारी पळून जायचं ठरलं होतं. मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तरीवर बसले. तो आला नाही. आठ दिवसांनी कळलं, सोमवारीच होडी घेऊन गेला होता. म्हणजे मला तोंड द्यायला नको म्हणून दर्यावर गेला. पंचवीस वर्षं मी हेच धरून चाललेय, महिपतराव. मेलेल्या माणसावर रागावून. आणि हे कुणाला सांगायचीही सोय नाही."

"आणि एकशे एकाहत्तरावं पान आलं."

"हातात पेन्सिल होती. 'तुझा राग मला माहीत आहे.' असं मला एकच माणूस म्हणायचा. मला वाटलं, वेड लागलं. त्या पोरीला खरंच रेडिओवर ऐकू येतंय असं वाटलं. दोन दिवस मी घरचा रेडिओ लावून बसले. हसू नका."

महिपतराव हसले नव्हते.

"रविवारी येऊन पार्सल सोडलं. नुसतं ते पान परत वाचायचं होतं. मग ठेववेना. छापलं की ते चार हजार लोकांचं होणार. पोरं वाचतील, वर्गात फिरवतील. मला आयुष्यात एकच पत्र आलं, तेही पंचवीस वर्षं उशिरा. तुम्ही टपालातले. सांगा, आलेलं पत्र कुणी परत देतं का?"

"पत्र तुमचं आहे," महिपतराव सावकाश म्हणाले. "पण दोनशे तीस पानं तिची आहेत. उद्या एकपर्यंत गिरगावला पोहोचायला हवीत."

विमलाबाईंनी मान हलवली. "घरी आहेत. मला आजची रात्र द्या. ते प्रकरण उतरवून घेते. उद्या सकाळी आठला आणून देते. मी स्वतः तिला सांगेन."

महिपतरावांनी त्यांच्याबरोबर घरी जाऊन पानं ताब्यात घ्यायला हवी होती. त्यांना ते कळतही होतं. पण गेली सहा वर्षं 'आलात?' म्हणून विचारणारं हे एकच माणूस होतं.

"आठ वाजता," ते म्हणाले.

६

शनिवारी आठला वाचनालयाच्या पायरीवर महिपतराव आणि ज्युलिएट उभे होते. आल्बर्ट मोटरसायकल चालू ठेवून बसला होता. गॅरेजमधून त्याने सुट्टी घेतली होती. "पानं हातात आली की दीड तासात गिरगाव," तो म्हणाला. "मरेना का तो रेडिओवाला, पोहोचवतो त्याला."

साडेआठ झाले. वाचनालयाला कुलूप होतं.

महिपतराव विमलाबाईंच्या घरी गेले. शेजारीण म्हणाली, "बाई सहालाच गेल्या. पिशवी होती हातात. कुठे ते नाही बोलल्या."

तेव्हा त्यांना ज्युलिएटला सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "तुम्हाला काल चार वाजता माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही."

बाई तिकडेच गेल्या असतील या आशेवर आल्बर्ट तिला मागे बसवून थेट गिरगावला गेला. कचेरीच्या दारात दोघं एकपर्यंत उभे राहिले. कुणी आलं नाही. एकच्या ठोक्याला शिपायाने दार ओढून घेतलं. तरी ते थांबले. एक वीसला रस्त्याच्या टोकाला विमलाबाई दिसल्या. छातीशी पिशवी धरून, घाईघाईने, जवळजवळ पळत येत होत्या.

संध्याकाळी वाचनालयात त्यांनीच ते महिपतरावांना सांगितलं. ज्युलिएटला तोंड दाखवायचा धीर होईना, म्हणून पानं परस्पर कचेरीत द्यायला त्या साडेसातच्या सुमाराला चर्नी रोडला उतरल्या होत्या. कचेरी उघडायला वेळ होता म्हणून चौपाटीवर बाकावर बसल्या. एकदा शेवटचं वाचावं म्हणून पानं काढली. आधी ते प्रकरण. मग पुढचं. मग शेवट. त्यात तो मुलगा किनाऱ्याला परततो, आणि तरीवर एक मुलगी त्याची वाट पाहत उभी असते. ज्युलिएटने ती मनानेच रचली होती.

"मग मला उठायला जमेना," विमलाबाई म्हणाल्या. "घड्याळ दिसत होतं समोर. बारा वाजलेले दिसले. पाऊण वाजलेला दिसला. पाय उचलेनात. खोटं नाही सांगत."

"ज्युलिएट काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही मागितली असती तर मी वहीच दिली असती." विमलाबाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते. "एवढंच म्हणाली आणि पानं घेऊन गेली."

सोमवारी सावे मास्तर स्वतः प्रकाशकाकडे गेले, रदबदली केली. उपयोग झाला नाही. नियम म्हणजे नियम. स्पर्धा पुण्याच्या कुणीतरी जिंकली. मास्तरांचा मंगळही पडला.

झालेलं त्या पाच जणांना आणि कार्मिनला सोडून कुणाला कळलं नाही. ज्युलिएटने वाचनालयात यायचं बंद केलं. रस्त्यात महिपतराव दिसले तर ती नमस्कार करी आणि थांबत नसे. विमलाबाई कामापुरतं काम करत. महिपतराव पहिले येत, शेवटचे जात. आता 'आलात?' असं कुणी विचारत नव्हतं. ते बाकावर बसत आणि तीच बातमी दोनदा वाचत.

७

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी कार्मिन भाईंदरच्या बाजारातून थेट वाचनालयात आली. लुगड्याचा ओचा सावरत टेबलापाशी उभी राहिली. वाचणारी माणसं मान वर करून पाहू लागली.

"तू विमला?"

विमलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"दोन तारखेला आमच्यात मेलेल्यांचा दिस असतो. सगळी कबरीवर मेनबत्ती लावतात. रॉबर्टला कबर न्हाय, तर आमी खडकावर लावतो." कार्मिनला दम लागला होता. "तो माज्या मानसाच्या जागी गेला. तुजं मला ठावं नव्हतं. ठावं असतं तर मी तवाच येऊन सांगितलं असतं, बाई, तो तुला टाकून न्हाय गेला. सनवारी ये. जेवायलाच ये."

विमलाबाईंनी महिपतरावांकडे पाहिलं. दोन महिन्यांनी प्रथमच. "तुम्ही याल?" त्यांनी विचारलं. "एसटीत मला एकटीला जमायचं नाही."

शनिवारी दोघं गेले.  दुपारच्या उन्हात खडकावर मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने चार वेळा विझल्या, पाचव्या वेळी आल्बर्टने शर्टाचा आडोसा धरला. विमलाबाई समुद्राकडे पाठ करून उभ्या होत्या. प्रार्थना संपली तेव्हा त्यांनी एकदा वळून पाहिलं, तेही थोडंच.

जेवण झालं. ज्युलिएटने वाढलं, पाणी दिलं, पण विमलाबाईंशी एक शब्द बोलली नाही. जेवणानंतर ती खिडकीशी जाऊन बसली. समोर हस्तलिखिताचा गठ्ठा होता. सप्टेंबरपासून तिने त्यावर एक ओळ लिहिली नव्हती, असं कार्मिन महिपतरावांच्या कानात म्हणाली. दुसऱ्या प्रकाशकाला पाठव म्हणून आल्बर्टनेच सांगून पाहिलं होतं, पण ती ऐकत नव्हती.

चारची एसटी निघायची वेळ झाली. महिपतराव ओट्यावर येऊन चपला घालू लागले. आत विमलाबाई उठल्या. दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"ज्युलिएट, एक बोलू?"

ती वळली नाही.

"तुझा तो मुलगा बरोबर नाही उतरला."

आता ती वळली. डोळ्यांत राग होता. "काय बरोबर नाही?"

"फार शहाणा झालाय. सगळं समजून घेतो, गोड बोलतो. रॉबर्ट तसा नव्हता. हट्टी होता. पत्त्यांत हरला की पत्ते खाडीत फेकायचा. एकदा मी त्याचं शुद्धलेखन सुधारलं, तर तीन आठवडे आला नाही. मग आला तो एक आख्खं पुस्तक उतरवून काढून, एकही चूक न करता, आणि माझ्यापुढे आपटलं. म्हणाला, आता बोल." विमलाबाई हसल्या. महिपतरावांनी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं.  पंचवीस वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

रस्त्याच्या टोकाला एसटीने हॉर्न दिला. विमलाबाईंनी पिशवी उचलली.

"थांबा," ज्युलिएट म्हणाली. तिने शेजारची खुर्ची पायाने बाहेर ढकलली आणि पेनचं टोपण काढलं. "कुठलं पुस्तक?"

विमलाबाई उभ्याच राहिल्या. महिपतराव ओटा उतरले आणि एसटीकडे चालू लागले. मागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग विमलाबाईंचा, नेहमीपेक्षा मोठा: "बसते. पण आधी हे सांगते, त्याचे केस तू लिहिलेस तसे कुरळे नव्हते."